आठ लिटर पाणी: ब्राइट एंजल वाटेवरचं एक प्रकरण

प्रकरण काय होतं ते आधीच सांगून टाकतो, रहस्य ठेवण्यासारखं त्यात काही नाही. अठ्ठावन्न वर्षांचे, रोज चालणारे, सह्याद्रीत तीस वर्षं गड चढलेले एक गृहस्थ जूनमधल्या एका सकाळी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीत ब्राइट एंजल वाटेने खाली उतरले. परतीच्या चढावर दुपारी साडेबाराला त्यांना उलटी झाली. एकच्या सुमारास ते असंबद्ध बोलू लागले आणि तीन वाजता त्यांना हेलिकॉप्टरने वर न्यावं लागलं. ऊन चाळिशीच्या घरात होतं, त्यामुळे सोबतच्या सगळ्यांचं निदान एकच: पाणी कमी पडलं. प्रत्यक्षात पाणी जास्त झालं होतं. रक्तातलं सोडियम १२३ निघालं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं.

हे गृहस्थ म्हणजे माझे भाऊजी. सोबत ताई, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि मी. लिहायला भाऊजींनी परवानगी दिली आहे. अट एवढीच की नाव नको, आणि ‘म्हातारा पडला’ असा सूर नको. तो सूर तसाही लावता आला नसता, कारण त्या दिवशी चौघांत सगळ्यात तंदुरुस्त तेच होते.

उलटा गड

ग्रँड कॅन्यन नॅशनल पार्कचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून साधारण २,१०० मीटर उंचीवर आहे आणि तळातली कोलोरॅडो नदी सुमारे ७५० मीटरवर. मधल्या कातळात थर एकावर एक रचलेले दिसतात: माथ्याला सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक, तळाला पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा ‘विष्णू शिस्ट’ नावाचा काळा खडक. ‘विष्णू’ हे नाव वाचून भाऊजींनी काठावरूनच हात जोडले होते.

ब्राइट एंजल वाट खडकातल्या एका मोठ्या भेगेच्या आधाराने उतरते. ती भेग नसती तर त्या उभ्या कड्यांतून वाट निघणं अवघडच होतं. हवासुपाई या तिथल्या मूळ जमातीचे लोक तिचा वापर फार आधीपासून करत. पुढे खाणवाले आले आणि त्यांनी ती रुंद केली. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थाने तिच्यावर माणशी एक डॉलर टोल बसवला. पार्क सर्व्हिसला त्याचा इतका वैताग आला, की १९२४-२५ मध्ये त्यांनी शेजारच्या धारेवरून साउथ कैबाब ही दुसरी वाटच खोदून काढली. ब्राइट एंजल त्यांच्या ताब्यात आली १९२८ मध्ये.

उतरताना पहिला टप्पा दीड मैलाचं विश्रामगृह, काठापासून ३४० मीटर खाली. दुसरा तीन मैलांचं विश्रामगृह, ६४५ मीटर खाली. तिसरा हवासुपाई गार्डन, ७.२ किलोमीटरवर, जवळपास ९२५ मीटर खाली. उन्हाळ्यात तिन्ही ठिकाणी नळाला पिण्याचं पाणी असतं, अर्थात पाइपलाइन फुटलेली नसेल तर. ती १९६० च्या दशकातली आहे आणि वरचेवर फुटते. त्या दिवशी तिन्ही नळ धो धो वाहत होते. साउथ कैबाबवर पिण्याच्या पाण्याचा थेंब नाही. तिकडे गेलो असतो तर आमचं दुसरं काहीतरी बिनसलं असतं, पण हे झालं नसतं.

आपल्या डोक्यात ट्रेकचं जे गणित पक्कं बसलेलं असतं, ते इथे लागू पडत नाही. गडावर आधी चढायचं असतं. दम संपला की तिथूनच मागे फिरायचं. उरलेला उतार माणसाला घरी आणून सोडतो. शिवाय वर जावं तसा वारा लागतो. दरीत सकाळच्या ताज्या पायांनी, थंड हवेत, हसतखेळत खाली जायचं, आणि चढाची पहिली पायरी लागते तेव्हा पाय थकलेले, सूर्य डोक्यावर, आणि आपण सगळ्यात तापलेल्या जागी. काठावर आणि दरीच्या पोटात दहा-पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. म्हणूनच पार्कचे रेंजर सांगतात की दहा ते चार या वेळात उन्हाळ्यात चढू नका, आणि उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. आम्ही दोन्ही वाचलं होतं. भाचीने तर त्या पानाचा फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता, आणि चौघांनीही त्याला अंगठा दाखवला होता.

सकाळ

मुक्काम फ्लॅगस्टाफला होता. तिथून पहाटे तीनला निघून पाचला वाटेवर असायचं ठरलं होतं. निघालो पावणेपाचला, पार्किंग शोधण्यात वेळ गेला, आणि पहिलं पाऊल पडलं ७ वाजून १० मिनिटांनी. उशीर कुणामुळे झाला यावर अजून एकमत नाही.

गाडीपाशीच भाऊजींनी जवळपास एक लिटर पाणी संपवलं. “टाकी फुल करून निघायचं,” असं म्हणाले. त्यांची पद्धत पक्की होती: दर पंधरा मिनिटांनी तहान असो-नसो चार-पाच मोठे घोट, आणि प्रत्येक नळावर बाटली काठोकाठ. आदल्या वर्षी मे महिन्यात एका गडावर त्यांच्यासोबतचा एक जण उन्हाने कोसळला होता. ते त्यांच्या मनात घर करून होतं, आणि या वेळी ती चूक होऊ द्यायची नाही असा चंग बांधला होता.

उतार सुरेख होता. दोन छोटे बोगदे, मग पांढऱ्या वालुकाश्माचे कडे, मग वळणांवर वळणं. खेचरांचा तांडा आला की आम्ही डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभे राहायचो. दीड मैलाला आठ, तीन मैलांना पावणेनऊ वाजून गेलेले. प्रत्येक विश्रामगृहात खारींचं राज्य. दिसायला गोंडस, पण सॅकची चेन कुरतडतात आणि बोटही चावतात.

९.५० ला हवासुपाई गार्डन. उंच कॉटनवुडची झाडं, ओढ्याचा आवाज, बाकं. २०२२ पर्यंत नकाशांवर या जागेचं नाव वेगळं होतं. हवासुपाई जमातीच्या मागणीवरून ते बदललं. इथे शेती करणाऱ्या शेवटच्या हवासुपाई माणसाला पार्कने १९२८ मध्ये, म्हणजे वाट ताब्यात आली त्याच वर्षी, बाहेर काढलं होतं. त्या गार सावलीत बसून हे वाचताना थोडं अवघडल्यासारखं होतं.

सव्वादहाच्या सुमारास एक रेंजर बाई आल्या. गप्पा मारल्यासारखं करत त्यांनी तीन प्रश्न विचारले. कुठून आलात, पुढे कुठे जाणार, आणि शेवटचं खारट काय खाल्लंत? तिसऱ्या प्रश्नाला ताईने चिवड्याची पिशवी उंच करून दाखवली. सगळे हसलो. बाईही हसल्या. आता चार वाजेपर्यंत इथेच सावलीत थांबा, असं सांगून त्या पुढच्या बाकाकडे वळल्या.

तो चिवडा आम्ही तिघांनीच खाल्ला होता. भाऊजींना रक्तदाब आहे, मीठ बेताचं, म्हणून ते चिवड्याला हात लावत नाहीत. त्यांच्या पोटात सकाळपासून दोन केळी, एक सफरचंद आणि मूठभर बिनमिठाचे बदाम एवढंच गेलं होतं. पिशवीने चौघांच्या वतीने उत्तर दिलं आणि ते कुणाला खटकलं नाही.

तिथून प्लॅटो पॉइंट अडीच किलोमीटरवर आहे. नदी थेट खाली दिसते. भाऊजींचा आठवडाभर एकच घोष होता, प्लॅटो पॉइंट केल्याशिवाय परत यायचं नाही. ताई म्हणाली, “आता पुरे, इथूनच वर चढू.” मला वाटलं वाद होणार. भाऊजी म्हणाले, “बरं, चला.” ते इतक्या सहज मानले याचं मला कौतुकच वाटलं.

चारपर्यंत थांबायचं मात्र कुणाच्याच मनात नव्हतं. संध्याकाळी फ्लॅगस्टाफला पोचायचं होतं, दुसऱ्या दिवशीचं विमान होतं, आणि भाऊजींचं मत पडलं की बसून राहिलं की पाय आखडतात. १०.४० ला निघालो. घड्याळातली सगळ्यात वाईट वेळ निवडायची म्हटली असती तरी यापेक्षा नेमकी निवडता आली नसती.

तीन मैलांचं विश्रामगृह

गार्डनपासून थोडं वर आलं की रेडवॉल चुनखडकाचा कडा लागतो. हा खडक मुळात राखाडी. वरच्या थरांतून ओघळलेल्या लोहाने तो लाल झाला आहे. त्यातून चढणाऱ्या नागमोडी वळणांना जेकब्स लॅडर म्हणतात. सावली जवळपास नाही. कड्यावरून उष्णता अंगावर अशी येते की भाकरीच्या तव्याशेजारी उभं असल्यासारखं वाटतं. माझ्या सॅकला लटकवलेल्या तापमापीवर ३९ होते.

इथे भाऊजी पहिल्यांदा मागे पडले. आधी एका वळणाने, मग दोन. आम्ही थांबायचो, ते यायचे, आणि आम्ही तिघंही एकाच सुरात म्हणायचो: “पाणी प्या.” ते प्यायचे. दोनदा ते खडकाआड जाऊन आले. मी त्यांच्याजवळ उभा होतो, आणि मला वाटलं की चला, लघवी होतेय म्हणजे अंगात पाणी आहे, काळजी नको. निरीक्षण बरोबर होतं. त्यातून पुढचा प्रश्न मात्र मी काढला नाही: एवढ्या उन्हात, एवढ्या घामात, सकाळपासून पाचव्यांदा?

सव्वादोन-अडीच किलोमीटरला आम्हाला पावणेदोन तास लागले. १२.२५ ला विश्रामगृहाच्या दगडी ओट्यावर भाऊजी बसले आणि दहा मिनिटांनी त्यांना उलटी झाली. नुसतं पाणी. ताईने पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा बाटली तोंडाला लावली. त्यांनी घेतलीही.

मग ताईचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. बोटं सुजली होती आणि अंगठी मांसात रुतली होती. साबणासारखं काही नव्हतं; थुंकी लावून तिने ती कशीबशी फिरवून काढली आणि पर्समध्ये टाकली. “चालताना हात खाली लोंबकळतात, त्याने सुजतात,” मी म्हणालो. ते खरंही असतं. अर्धवट माहितीचा हा मोठा धोका: ती चुकीची नसते, म्हणून कुणी खोडत नाही.

“इलेक्ट्रॉल आहे ना आपल्याकडे?” ताईने विचारलं. होतं. सहा पाकिटं, गाडीच्या डिकीत.

एकच्या सुमारास भाऊजींनी डोळे उघडले, मला नावाने हाक मारली आणि शांतपणे विचारलं, “खाली गुंजवण्यात शेवटची एसटी किती वाजता आहे?”

भाची हसली. तिला वाटलं बाबा गंमत करताहेत. ताई हसली नाही. ती तीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिली आहे. “हे असं बोलत नाहीत,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजाने भाचीही उठून उभी राहिली. मोबाइलला रेंज नव्हती. विश्रामगृहापाशी आपत्कालीन फोन असतो, तो भाचीने १.०५ ला उचलला.

पलीकडच्या माणसाचे प्रश्न तिने नंतर आम्हाला जसेच्या तसे सांगितले. शुद्धीत आहेत का? बोलणं नेहमीसारखं आहे का? शेवटचं जेवण कधी, त्यात मीठ होतं का? लघवी शेवटची कधी, रंग कसा? आणि पाणी किती प्यायले? या शेवटच्या प्रश्नाला भाची अडखळली, मग बोटांवर मोजू लागली. वेगवेगळ्या नळांवर तीच सगळ्यांच्या बाटल्या भरत होती. गाडीपाशी एक लिटर, उतरताना तीन, गार्डनमध्ये दीड, चढताना अडीच. आकडा तिच्या तोंडून निघाला तेव्हा ती स्वतःच दचकली. साडेपाच तासांत आठ लिटर.

उत्तर आलं: पाणी देणं ताबडतोब थांबवा. काही खारट असेल तर खायला द्या. सावलीत ठेवा, चालवू नका, माणूस निघाला आहे.

गार्डनमधल्या त्याच रेंजर बाई पाऊण तासात पोचल्या. आधी त्यांनी ताप पाहिला: ३७.८. उष्माघात असता तर अंग ४० च्या वर भट्टीसारखं तापलं असतं आणि तातडीने अंगावर पाणी ओतून गार करावं लागलं असतं. मग त्यांनी भाऊजींची बोटं दाबून पाहिली. अर्धा कप पाण्यात सूपच्या तीन-चार वड्या विरघळवून केलेला कडक खारट काढा त्यांनी घोट घोट पाजायला सुरुवात केली.

ताईने विचारलं, “सलाइन नाही का लावत?” आपल्याकडे कोणीही आडवं झालं की आपण हाच प्रश्न विचारतो. बाईंनी हातातलं काम न थांबवता सांगितलं की साधं सलाइन अशा वेळी कधी कधी उलट नुकसान करतं. शरीर मीठ बाहेर टाकत असतं आणि पाणी धरून ठेवत असतं; आत आणखी पातळ काही नको. लागलंच तर नेहमीच्या तिप्पट खारट सलाइन लागतं, आणि ते रुग्णालयात.

अडीचच्या आसपास भाऊजींना आपण कुठे आहोत हे सांगता येईना. हेलिकॉप्टर मागवलं गेलं. स्ट्रेचरवरून त्यांना जवळच्या एका सपाट जागी नेलं आणि ३.०५ ला ते वर उचलले गेले. धुरळा खाली बसेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

ताईचा चढ

अशा नोंदी बहुधा इथे संपतात: रुग्ण वर गेला, पुढे रुग्णालय. मागे राहिलेल्यांचं काय होतं ते कुणी लिहीत नाही, आणि माझ्या मते ते लिहायला हवं, कारण त्या वाटेवर त्या क्षणी दुसरा रुग्ण तयार होत होता.

हेलिकॉप्टरमध्ये नातेवाइकांना जागा नसते. वर जायला ४.८ किलोमीटर आणि ६४५ मीटरचा चढ बाकी होता. ताई चौपन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. ती उठली आणि सॅक न घेता तडक चालायला लागली. नवरा बेशुद्धीच्या वाटेवर असताना सावलीत बसून राहा असं कुणाला सांगणार? रेंजर बाईंनी सांगितलं. वाटेत आडव्या उभ्या राहून, शांतपणे. “तुम्ही आत्ता निघालात तर मला सहा वाजता तुमच्यासाठी परत यावं लागेल, आणि तेव्हा हेलिकॉप्टर मिळेलच असं नाही.” भाचीने ते मराठीत सांगितलं तेव्हा आणखी थोडं कडक करून सांगितलं.

आम्ही साडेचारपर्यंत बसलो. ताईने चिवडा खाल्ला, म्हणजे आम्ही तो तिला घास घास भरवला. निघताना बाईंनी तिघांचे शर्ट आणि टोप्या नळाखाली चिंब करायला लावल्या. वाळत जाणारं कापड अंग गार ठेवतं आणि त्यासाठी घाम गाळावा लागत नाही. पाणी पिण्याइतकंच ते अंगावर घेण्यालाही महत्त्व आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. दीड मैलाच्या विश्रामगृहाला पुन्हा भिजवले. पाणी तहान लागली की, आणि दर वेळी सोबत काहीतरी खारट.

पश्चिमेच्या कड्याची सावली वाटेवर आली होती. ताई न बोलता पावलं मोजत चालत होती, शंभर झाली की थांबायची, वीस श्वास घ्यायची, पुन्हा शंभर. दोन तरुण मुलं वरून उड्या मारत खाली येत होती, हातात अर्ध्या लिटरची एकेक बाटली. तिने त्यांना थांबवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, “सॉल्ट? फूड?” ती गोंधळली. तिने उरलेल्या चिवड्याची पिशवी त्यांच्या हातात कोंबली.

७.४० ला आम्ही काठावर पोचलो. फोनला रेंज आली आणि रुग्णालयाचा निरोप दिसला.

रुग्णालयातलं गणित

सोडियम १२३. निदान: श्रमानंतरचा हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तात पाण्याच्या मानाने मीठ कमी पडणं. ग्रँड कॅन्यनमध्ये चालणाऱ्यांत डॉक्टरांना हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. मॅरेथॉन धावणाऱ्यांतही ते ओळखीचं आहे. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बोट फुगलं तर अंगठी रुतते. मेंदू कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून डोकेदुखी, उलटी, भ्रम, आणि पुढे झटके.

जास्तीचं पाणी मूत्रपिंडांनी बाहेर का टाकलं नाही, हा प्रश्न भाचीने डॉक्टरांना विचारला. पाच वेळा लघवी झाली होती ना? झाली, पण पुरेशी नाही. लांबचे श्रम, उष्णता, मळमळ या सगळ्यांनी शरीरात व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. शरीराला वाटतं दुष्काळ आहे, आणि वरून तर पूर ओतला जात असतो.

त्या रात्री आम्ही एका कागदावर ढोबळ हिशेब मांडला. आत गेलं आठ लिटर. घामावाटे चार गेलं असेल, लघवीवाटे एक. म्हणजे तीन लिटर शिल्लक. भाऊजींचं वजन ६६ किलो. त्यात पाणी साधारण ३६ लिटर, ते झालं ३९. इतकंच घडलं असतं तरी सोडियम १४० वरून १२९ वर आलं असतं. घामात आणि लघवीत मीठ गेलं ते वेगळं. खाण्यातून जवळजवळ काहीच आलं नाही. उत्तर १२४ च्या आसपास येतं. प्रयोगशाळेने १२३ सांगितलं. कागदावरचा हिशेब इतका जुळेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तो जुळला याचा आनंद मात्र अजिबात झाला नाही.

यात आणखी एक गोष्ट होती. डॉक्टरांनी औषधं विचारली तेव्हा ताईने पर्समधून पट्टी काढून दिली: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, एकाच गोळीत. आपल्याकडे रक्तदाबाला ही जोडी सर्रास देतात. यातला दुसरा भाग लघवीवाटे मीठ बाहेर काढतो, त्याचं कामच ते आहे. घरी, रोजच्या जेवणावर, ते योग्यच. पण ज्या दिवशी घामानेही मीठ जाणार आहे आणि ताटात मीठ नाही, त्या दिवशी ही गोळी पारड्यात भर घालते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. अशा सहलीआधी विचारून घ्यायचं.

खरं तर वाटेवरच फरक ओळखता आला असता, यंत्राशिवाय. पाणी कमी पडलेल्या माणसाला तहान असते, तोंड सुकतं, लघवी थोडी आणि गडद होते. भाऊजींना तहान नव्हती, लघवी भरपूर आणि पाण्यासारखी, बोटं सुजलेली, पोटात खारट काही नाही. उलटी आणि थकवा दोन्हीकडे असतात, आणि आम्ही नेमकी तीच दोन लक्षणं पाहिली. गोंधळ मात्र असा सहजासहजी खपवायचा नसतो: माणूस वेगळं बोलायला लागला की फोन उचलायचा, कारण काही का असेना. ते तेवढं आम्ही वेळेत केलं. तेही ताईमुळे.

बाकी आटोपतं घेतो. तिप्पट खारट सलाइनने काही तासांत भ्रम उतरला, तिसऱ्या दिवशी सोडियम १३८, चौथ्या दिवशी घरी. बचावाचं बिल नॅशनल पार्क सर्व्हिस सहसा लावत नाही. रुग्णालयाचं येतं आणि ते पाच आकडी डॉलरमध्ये होतं. विमा घेताना ताईने रक्तदाबाचा आजार प्रामाणिकपणे लिहिला होता, म्हणून दावा मंजूर झाला. एजंटाने “लिहू नका, हप्ता वाढेल” असा सल्ला दिला होता.

कागद

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त छळतं ते वेगळंच. आमच्यापैकी कुणीही अडाणी किंवा बेफिकीर नव्हतं. निदानाला लागणारी सगळी माहिती दुपारी साडेबारालाच त्या दगडी ओट्यावर हजर होती, फक्त ती वेगवेगळ्या डोक्यांत होती. बाटल्यांची मोजणी भाचीकडे, अंगठी आणि गोळीची पट्टी ताईकडे, लघवी माझ्याकडे. प्रत्येकाने आपला तुकडा क्षुल्लक समजून खिशात ठेवला. टेलिफोनवरच्या अनोळखी माणसाने पाच प्रश्नांत ते तुकडे जोडले.

रुग्णालयातल्या दुसऱ्या दिवशी, भाऊजी झोपलेले असताना, आम्ही तिघांनी तो हिशेबाचा कागद उलटा करून मागच्या बाजूला वेळा लिहिल्या. ७.१०, निघालो. ९.५०, गार्डन. १०.१५, रेंजर, चिवडा. १०.४०, चढायला सुरुवात. ११.३०, मागे पडू लागले. असं करत ३.०५ पर्यंत. कागद त्यांच्या उशाशी ठेवून आम्ही खाली चहाला गेलो.

परत आलो तेव्हा १०.१५ आणि १०.४० च्या मधल्या जागेत, थरथरत्या पण ओळखू येणाऱ्या अक्षरात, एक ओळ वाढलेली होती: “१०.२०, डोकं दुखायला लागलं. तुमचा दिवस बिघडू नये म्हणून बोललो नाही.”